पोअर प्रेशरचं मॉडेल: हादरा सगळ्यात शेवटी द्या

माझ्याकडे तपासायला येणाऱ्या लिक्विफॅक्शनच्या (भूकंपात पाण्याने भरलेली वाळू द्रवासारखी वागण्याच्या) अहवालांत एकच घोळ वेगवेगळ्या वेषांत भेटतो. सॉफ्टवेअर उघडलं, वाळूचा थर काढला, कुठून तरी उतरवून घेतलेली भूकंपाची नोंद तळाशी लावली आणि रंगीत चित्र छापलं. लाल दिसलं की ‘लिक्विफॅक्शन’, निळं दिसलं की ‘सेफ’. पाणी नेमकं कुठे होतं, ते हादऱ्याच्या वेळात निसटू शकत होतं का, हीच वाळू प्रयोगशाळेत हलवली असती तर किती चक्रांत खचली असती, यांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर अहवालात नसतं.

पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. पाचव्यावर अडलात तर सहाव्यावर जाऊ नका.

दोन संज्ञा आधी पक्क्या करू. सुटी, पाण्याने भरलेली वाळू हलली की दाटून बसू पाहते. पाण्याला निघायला वेळ नसतो, म्हणून कणांवरचा भार त्यांच्यामधल्या पाण्यावर सरकतो आणि त्या पाण्याचा दाब, म्हणजे पोअर प्रेशर, वाढतो. पाण्याचा हा *वाढीव* दाब भागिले सुरुवातीचा उभा परिणामी ताण, म्हणजे इफेक्टिव्ह स्ट्रेस (कणांनी पेललेला ताण), हे गुणोत्तर आपण ‘आर-यू’ म्हणून ओळखतो. शून्य म्हणजे काही झालं नाही. एक म्हणजे कणांवर भारच उरला नाही.

टप्पा १: मॉडेल लागतंय का, ते ठरवा

पुण्यातल्या बहुतेक जागांवर उत्तर ‘नाही’ असं आहे. वर काळी माती, खाली मुरूम, मग बेसॉल्टचा कातळ, तोही अनेक ठिकाणी दोन-चार मीटरवर. काळ्या मातीचं दुखणं फुगण्या-आकसण्याचं आहे, लिक्विफॅक्शनचं नाही. तीन मीटरवर कातळ लागलेल्या जागेसाठी वाळूचं मॉडेल चालवलेला अहवाल मी पाहिला आहे. मातीचे गुणधर्म सॉफ्टवेअरच्या सोबतच्या उदाहरणातून जसेच्या तसे उचललेले होते.

प्रश्न खरा होतो तो मुळा-मुठेच्या काठच्या गाळात, बुजवलेल्या नाल्यांवरच्या भरावात आणि राखेच्या तलावांत. शिवाय पुण्यातल्या कार्यालयांत बसून आपण जी कामं करतो ती पुष्कळदा पुण्याबाहेरची असतात: कोकणातल्या खाडीकाठचे धक्के, कच्छमधले बांध. २००१ च्या भूज भूकंपात चांग आणि शिवलखा इथल्या मातीच्या धरणांखालचा गाळच दगा देऊन गेला होता.

चाळणी अशी लावा:

- पाण्याच्या पातळीखाली वाळू किंवा वाळूमिश्रित गाळ आहे का? नसेल तर इथेच थांबा.
- भूकंप झोन ३, ४ आणि ५ साठी आयएस १८९३ (भाग १, २०१६) या भारतीय मानकात दिलेल्या किमान एन व्हॅल्यू (बोअरच्या तळाशी नळी ३० सेंटिमीटर ठोकायला लागणारे हातोड्याचे ठोके) बघा: ५ मीटरपर्यंत १५, १० मीटर आणि त्याखाली २५, मधल्या खोलीसाठी सरळ रेषेत. वाळूचा एन याहून कमी असेल तर दुर्लक्ष चालणार नाही.
- बारीक कण जास्त असतील तर प्लॅस्टिसिटी इंडेक्स (ओलाव्याच्या किती मोठ्या पट्ट्यात माती मळण्याजोगी राहते त्याचं माप) मागवा. ७ च्या खाली असेल तर ती माती वाळूसारखी वागते असं धरा. १२ च्या खाली असून नैसर्गिक ओलावा लिक्विड लिमिटच्या (ज्या ओलाव्याला माती वाहू लागते त्याच्या) ०.८५ पटीपेक्षा जास्त असेल तरीही ती संशयितच.

टप्पा २: मातीचा स्तंभ आणि पाणी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि सगळ्यात कमी वेळ इथेच दिला जातो.

बोअरहोल मे महिन्यात घेतलेलं असतं. अहवालात ‘पाण्याची पातळी ४.२ मीटर’ असं लिहून येतं आणि मॉडेलमध्ये तोच आकडा बसतो. ऑगस्टमध्ये त्याच जागी पाणी एक-दीड मीटरवर आलेलं असतं. भूकंप पावसाळा टाळून येत नाही. नदीकाठ किंवा खाडीकाठ असेल तर पावसाळ्यातली पातळी किंवा भरतीची पातळी धरा, आणि कोरड्या ऋतूतली पातळी दुसरं प्रकरण म्हणून वेगळी चालवा. आजूबाजूच्या विहिरी बघा, जुन्या रहिवाशांना विचारा. या चौकशीला अर्धा दिवस लागतो, पण तेवढ्याने उत्तर बदलू शकतं.

एन व्हॅल्यूचंही तसंच. पाण्याखालच्या वाळूत बोअर करताना नळीतलं पाणी बाहेरच्या पातळीखाली गेलं की तळाची वाळू वर उसळते आणि एन खोटा कमी येतो. उलट, दोर-पुलीवर माणसांनी उचललेला हातोडा पूर्ण जोराने पडत नाही, ठोके वाढतात आणि एन खोटा जास्त येतो. म्हणून ऊर्जेची दुरुस्ती (६० टक्क्यांवर आणणं), वरच्या ताणाची दुरुस्ती आणि बारीक कणांची दुरुस्ती याच क्रमाने करा. त्यातून मिळेल तो दुरुस्त एन.

पातळ थर पुसून टाकू नका. वाळूवरचा वीस सेंटिमीटरचा चिकट गाळ सरासरी काढताना नाहीसा होतो, पण हादऱ्यानंतर पाणी अडवून धरतो तो नेमका तोच.

*ताळा:* प्रत्येक थराच्या मध्याचा एकूण ताण, पाण्याचा दाब आणि परिणामी ताण हाताने काढून तक्ता भिंतीवर चिकटवा. पुढे सहाव्या टप्प्यात तो लागणार आहे.

टप्पा ३: आधी हाताने उत्तर काढा

एक उदाहरण घेऊ. खाडीकाठची स्वच्छ वाळू, पाणी १.५ मीटरवर, विचारातली खोली ६ मीटर. पाण्यावरच्या मातीचं वजन १७ आणि खालच्या मातीचं १८.५ किलोन्यूटन प्रति घनमीटर. दुरुस्त एन १४. झोन ३, म्हणजे पृष्ठभागावरचं त्वरण ०.१६ जी (जी म्हणजे गुरुत्वीय त्वरण). भूकंप ६.५ मॅग्निट्यूडचा.

एकूण ताण १०८.८ किलोपास्कल, पाण्याचा दाब ४४.१, परिणामी ताण ६४.६. खोलीचा गुणक १ − ०.००७६५ × ६ = ०.९५४. तर हादऱ्याची मागणी, म्हणजे सीएसआर:

०.६५ × ०.१६ × (१०८.८ ÷ ६४.६) × ०.९५४ = ०.१६७

एन १४ च्या स्वच्छ वाळूची ७.५ मॅग्निट्यूडसाठीची ताकद, म्हणजे सीआरआर, नेहमीच्या आलेखावरून ०.१५० येते. ६.५ साठीचा मॅग्निट्यूडचा गुणक १.४४. सुरक्षा गुणांक: ०.१५० × १.४४ ÷ ०.१६७ = सुमारे १.३.

इथे बहुतेक अहवाल ‘सेफ’ लिहून संपतात. आता दाब काढू. सीआरआर ०.१५० हा १५ चक्रांचा (७.५ मॅग्निट्यूडच्या भूकंपातल्या पुढे-मागे हलण्यांचा) आकडा. ताकद आणि चक्रं यांचा लॉग-लॉग उतार स्वच्छ वाळूसाठी ०.३४ धरला, तर ०.१६७ च्या मागणीखाली वाळू ११ चक्रांत द्रवरूप होईल. ६.५ च्या भूकंपात समतुल्य चक्रं साधारण ८. गुणोत्तर ०.७३. सीड आणि सहकाऱ्यांच्या १९७०च्या दशकातल्या सूत्रात अल्फा हा स्थिरांक ०.७ घेतला की घातांक १ ÷ (२ × ०.७), म्हणजे ०.७१. ०.७३ चा ०.७१ वा घात ०.८०. ज्याची साइन ०.८० तो कोन ५३ अंश. ५३ भागिले ९० बरोबर ०.५९.

सुरक्षा गुणांक १.३, आणि तरी आर-यू ०.५९! परिणामी ताण ६४.६ वरून साडेसव्वीसवर. त्या वाळूत उभ्या असलेल्या खांबाचा बाजूचा आधार आणि घर्षण दोन्ही तितकंच घसरणार. सुरक्षा गुणांक एकाच्या वर म्हणजे दाब शून्य, हा गैरसमज मला वाटतं या विषयातला सगळ्यात महागडा आहे.

वाढीव दाब ३८ किलोपास्कल म्हणजे ३.९ मीटर पाण्याचा स्तंभ. पातळी १.५ मीटर खाली होती, म्हणजे तिथे नळी रोवली असती तर पाणी जमिनीच्या २.४ मीटर वर चढलं असतं. वाळूचे उमाळे जमीन फोडून वर का येतात ते या एका आकड्यावरून कळतं. मॉडेलच्या उत्तराचाही असाच, मीटरमधल्या पाण्यात अर्थ लावायची सवय ठेवा.

(उतार ०.३४ आणि मॅग्निट्यूडचा गुणक १.४४ वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात, एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. हाताच्या हिशेबात हे चालतं. पाचव्या टप्प्यात चालणार नाही.)

टप्पा ४: मॉडेलची जात निवडा

एकूण ताणावरचं समतुल्य रेषीय विश्लेषण (पाण्याचा दाब वेगळा न धरणारं) पोअर प्रेशर देतच नाही. त्याचं त्वरण घेऊन टप्पा ३ सारखा हिशेब करता येतो, इतकंच. तरीही अशा विश्लेषणातून ‘आर-यूचा आलेख’ काढलेले लोक भेटतात.

दुसरी जात अर्धवट जोडलेली: हादऱ्यातून कातर-विकृती (थर एकमेकांवर आडवे सरकल्याने होणारा आकारबदल) काढायची, तिच्यावरून दाब वाढवायचा आणि वाढलेल्या दाबाने माती मऊ करायची. डीपसॉइल या सॉफ्टवेअरमधली डोब्री-वुसेटिक पद्धत इथली. फ्लॅक या सॉफ्टवेअरमधलं फिन आणि बर्न यांचं सूत्रही साधारण याच कुळातलं: चक्रागणिक वाळू किती आकसली असती त्यावरून दाब. बर्नचे दोन स्थिरांक एनवरून निघतात: पहिला ८.७ गुणिले एनचा −१.२५ वा घात, दुसरा ०.४ भागिले पहिला. एन १४ ला ०.३२ आणि १.२५. सपाट जमिनीसाठी ही जात पुरेशी आहे आणि मी बहुतेकदा इथेच थांबतो.

*सावधान:* बर्नचं सूत्र पूर्ण चक्रासाठी आणि अर्ध्या चक्रासाठी अशा दोन रूपांत लिहिलेलं सापडतं; अर्ध्याच्या रूपात पुढे ०.५ असतो. एकाचं सूत्र आणि दुसऱ्याची चक्रमोजणी घेतली तर दाब दुप्पट किंवा निम्मा येतो, आणि आलेख दिसायला मात्र सुबक असतो.

तिसरी जात पूर्ण जोडलेली: पीएम४सॅंड आणि यूबीसीसॅंड ही वाळूची मॉडेलं, ओपनसीस या सॉफ्टवेअरमधली बहुपृष्ठ मॉडेलं. उतार, धरण, धक्क्याची भिंत, म्हणजे जिथे जमिनीत आधीपासून आडवा कातर-ताण आहे आणि माती किती *सरकेल* हा प्रश्न आहे, तिथे हीच लागतात.

टप्पा ५: एकाच घटकाची परीक्षा

हा टप्पा वगळलेला अहवाल मी परत पाठवतो.

संपूर्ण जागा बाजूला ठेवा. एकच चौकोनी घटक घ्या, त्यावर ६५ किलोपास्कल परिणामी ताण द्या, पाणी निघायची वाट बंद करा आणि ठरावीक आडव्या ताणाने पुढे-मागे हलवा. प्रयोगशाळेतल्या सिंपल शिअर चाचणीची ही नक्कल.

१. सीएसआर ०.१५० ला एका बाजूची विकृती ३ टक्के व्हायला किती चक्रं लागली? उत्तर १५ च्या आसपास येईपर्यंत आकसण्याचा गुणक बदलत राहा (पीएम४सॅंडमध्ये तो एचपीओ).

२. गुणक तसाच ठेवून सीएसआर ०.१२ आणि ०.२० ला चालवा. तीन बिंदू लॉग-लॉग कागदावर मांडा, उतार बघा. तो ०.३४ च्या जवळ हवा. ०.१ आला तर तुमचं मॉडेल लहान भूकंपाचं आणि मोठ्या भूकंपाचं उत्तर जवळजवळ एकच देईल.

३. ताण-विकृतीचा आलेख डोळ्यांनी बघा. विकृती चक्रागणिक वाढत गेली पाहिजे. एक टक्क्यावर अडकून तिथेच गोल फिरत असेल, तर आर-यू कितीही बरोबर दिसला तरी सरकण्याचा अंदाज खोटा.

४. ०.००५ टक्के विकृतीवर पन्नास चक्रं द्या. दाब जवळजवळ वाढू नये. वाळूत दाब वाढायला साधारण ०.०१ टक्के विकृतीचा उंबरठा ओलांडावा लागतो.

एका थराला अर्धा दिवस लागतो. तीन थर असतील तर दीड दिवस धरा आणि साहेबांना आधीच सांगून ठेवा.

टप्पा ६: स्थिर अवस्था

आता खरा स्तंभ उभा करा, पण अजून हलवू नका. गुरुत्व लावा, पाणी भरा, समतोल होऊ द्या. मग टप्पा २ चा भिंतीवरचा तक्ता शेजारी धरा. ६ मीटरवर ६४.६ यायला हवेत. ६३-६६ ठीक, १०८ आले तर पाण्याचा दाब वजाच झालेला नाही.

परमीअॅबिलिटीची (मातीतून पाणी किती सहज वाहतं त्या मापाची) एककं इथेच तपासा. प्रयोगशाळा मीटर प्रति सेकंदात देते. फ्लॅकसारखं सॉफ्टवेअर तीच संख्या पाण्याच्या एकक-वजनाने भागून मागतं. १०⁻⁵ मीटर प्रति सेकंद टाकायचं तर तिथे सुमारे १०⁻⁹ लिहावं लागतं. न भागता टाकलं तर वाळूची चाळणी होते, दाब तयार होता होताच निघून जातो, आणि अहवालात ‘जागा अत्यंत सुरक्षित’!

पाण्याची दाबण्याला प्रतिकार करण्याची क्षमता, बल्क मॉड्युलस, २२०० मेगापास्कल. सॉफ्टवेअर पटकन चालावं म्हणून लोक ती शंभरपट कमी करतात. त्याचा अर्थ समजून घ्या: वाळूत एकच टक्का हवा असली तर वातावरणाच्या दाबाला हवा-पाण्याच्या मिश्रणाची क्षमता दहा मेगापास्कलच्या आसपास उतरते. म्हणजे वेळ वाचवण्यासाठी तुम्ही नकळत अर्धवट कोरडी जमीन मॉडेल करत असता.

*ताळा:* हादरा न देता वीस सेकंद गतिकीय विश्लेषण चालवा. काहीही हलता कामा नये, दाबही नाही.

टप्पा ७: हादऱ्याची नोंद

मराठी मुलखात काम करणाऱ्याचा हात आपसूक ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या नोंदीकडे जातो. मोह समजण्यासारखा आहे, पण ती नोंद धरणाच्या आतल्या गॅलरीत, भूकंपाच्या अगदी जवळ झालेली आहे. तिच्यात धरणाचं स्वतःचं हलणं मिसळलेलं आहे, आणि ती जलद कंपनांची आहे. कोयनेपासून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरवरच्या पुण्याच्या कातळाला ती तशीच लावणं चूक. ‘०.१६ ला स्केल केली’ म्हणूनही सुटका नाही. स्केल केल्याने उंची बदलते, कंपनांची गती आणि चक्रांची संख्या तीच राहते. आणि दाब चक्रांवर चढतो. मॅग्निट्यूड, अंतर आणि कालावधी जुळणाऱ्या पाच-सात नोंदी घ्या, कोयना त्यांतली एक असू द्या.

मग तळाची अट. नोंद उघड्या कातळावरची असेल तर तळ लवचिक ठेवा. जमिनीच्या आत, त्याच खोलीवर मोजलेली असेल तर तळ ताठ. उलटं केलं की स्तंभात लाटा अडकून फिरत राहतात. लवचिक तळाला ताणाच्या रूपात हादरा देताना वर जाणारी लाट उघड्या कातळावरच्या वेगाच्या *निम्मी* असते, आणि ताण म्हणजे घनता × लाटेचा वेग × त्या निम्म्या वेगाची दुप्पट. हा दोनाचा गुणक एकदा विसरायचा किंवा दोनदा धरायचा, अशी चूक मी स्वतः उमेदवारीच्या काळात केली आहे. तेव्हापासून माती काढून नुसता कातळाचा स्तंभ आधी हलवतो. माथ्यावर मूळ नोंद जशीच्या तशी परत आली तरच पुढे जातो.

टप्पा ८: जाळी आणि डॅम्पिंग

घटकाची उंची लाटेच्या लांबीच्या एक-अष्टमांश ते एक-दशांश. कातर-लाटेचा वेग १२० मीटर प्रति सेकंद, कंपनं १५ हर्ट्झपर्यंत: लांबी ८ मीटर, घटक ०.८ ते १ मीटर. पण दाब चढला की माती मऊ होते. आर-यू ०.९ ला परिणामी ताण दशांश उरतो आणि वेग साधारण ५६ टक्क्यांवर, म्हणजे ६७. आता घटक अर्ध्या मीटरच्या आसपास हवा. जाळी शेवटच्या अवस्थेसाठी आखा.

रेले डॅम्पिंग (कंपनं शमवायला मॉडेलमध्ये वरून घातलेला विरोध) अर्धा ते एक टक्का, बस. ५ टक्के टाकणारे सॉफ्टवेअरच्या जुन्या सवयीने टाकतात. माती द्रवरूप झाल्यावरही मूळ ताठरपणावर बांधलेलं हे डॅम्पिंग तिला खोटा आधार देत राहतं.

टप्पा ९: चालवा, आणि हादरा थांबल्यावर थांबू नका

पाणी निघण्याचा अंदाज आधी घ्या. १०⁻⁵ मीटर प्रति सेकंदची वाळू, ताठरपणा २० मेगापास्कल, निघायची वाट ५ मीटर: वेळ सुमारे वीस मिनिटं. हादरा पंधरा-वीस सेकंदांचा. म्हणजे हादऱ्यात पाणी बंदच. मोठ्या खडीत परमीअॅबिलिटी हजारपट, वेळ सेकंदभर. तिथे निचरा धरलाच पाहिजे.

नोंद संपल्यावर विश्लेषण आणखी काही मिनिटांच्या काळासाठी चालू ठेवा. खालचा दाब वर सरकतो, आणि हादऱ्यात ०.४ वर राहिलेला वरचा थर नंतर ०.९ ला पोहोचू शकतो. टप्पा २ मधला वीस सेंटिमीटरचा गाळ आठवतोय? त्याच्या खाली बघा.

निकाल वाचताना:

- *शून्य सेकंदाला आर-यू किती?* आमच्या उदाहरणात ०.६८ दिसला तर मूळचा ४४.१ किलोपास्कल दाब वजा करायचा राहिला आहे. वाढीव दाबच घ्यायचा.
- भागाकार *सुरुवातीच्या* ताणाने. चालू ताणाने भागलं तर आकडा एकाच्या पार आकाशात जातो.
- आर-यू वर चढताना मधेमधे खाली झेपावतो आणि त्याच क्षणी त्वरणात अणकुचीदार शिखर येतं. ही चूक नाही. दाट वाळू कातरताना फुगू पाहते. अशी शिखरं फिल्टर लावून गुळगुळीत करू नका.
- इमारतीच्या पायाखाली आर-यू एकपर्यंत जाईलच असं नाही, तिथे ०.६ लाही खचणं मोठं असू शकतं. विस्थापन बघा.
- मॉडेलने दिलेलं पृष्ठभागाचं त्वरण टप्पा ३ मधल्या ०.१६ शी जुळवा. ०.०८ आलं तर खालचा थर लवकर द्रवरूप होऊन वरच्याला वाचवतोय का, की टप्पा ७ मधला दोनाचा गुणक हरवला, ते शोधा.

हादऱ्यानंतरच्या खचण्याचा आकडा पूर्ण जोडलेल्या मॉडेलांतून थेट उचलू नका. पाणी निघताना माती जितकी बसते त्याहून ती कमी दाखवतात. पीएम४सॅंडमध्ये त्यासाठीच हादऱ्यानंतरची वेगळी कळ आहे. ती लावा, आणि इशिहारा-योशिमिने यांच्या आलेखावरून प्रत्येक थराचं खचणं हाताने काढून शेजारच्या रकान्यात लिहा. दोन आकड्यांत दुपटीचा फरक असेल तर दोन्ही अहवालात द्या, आणि पाया कुठल्या आकड्यावर आखला तेही.